पोरांना नेटवर शोधायला कसं शिकवायचं, आमच्या लोणारच्या प्रोजेक्टवरून सांगते

मागच्या वर्षी माझ्या लेकीला सहावीत लोणार सरोवरावर प्रोजेक्ट होता. आमच्याकडे झेरॉक्सच्या दुकानात असे प्रोजेक्ट तयारच मिळतात, विषय सांगायचा, दुकानदार दोन मिनिटांत चार रंगीत पानं काढून देतो, ती चार्टपेपरवर चिकटवायची की झालं. मीही तेच केलं. रात्री ती फेविकॉल घेऊन चिकटवत बसली होती तेव्हा मी सहज विचारलं, अगं हे सरोवर तयार कसं झालं? तर म्हणाली, "आई, ते लिहिलंय ना त्यात."

लिहिलं होतं, पण तिनं वाचलंच नव्हतं, आणि खरं तर मीही नव्हतं. ते मनाला फार लागलं. दुसऱ्या दिवशी ती पानं बाजूला ठेवली आणि आम्ही दोघी फोन आणि वही घेऊन पहिल्यापासून बसलो. सोबत माझा आठवीतला भाचाही होता. एक प्रोजेक्ट व्हायला तीन रविवार लागले, पण त्या तीन रविवारांत पोरं जे शिकली ते आज वर्षभर त्यांना पुरतंय. आता शेजारची दोन-तीन मुलंही येऊन बसतात. तर ज्यांना घरी हे सुरू करायचंय पण कुठून सुरू करावं कळत नाही, त्यांच्यासाठी आम्ही जसं केलं तसं सगळं लिहिते. कॉम्प्युटर नसला तरी चालतं, आमचं निम्म्याहून जास्त काम फोनवरच झालंय.

आधी वही, मग फोन

पोराच्या हातात फोन देऊन "शोध" म्हणायचं नाही. आधी वहीत तीन गोष्टी लिहायला लावायच्या: या विषयाचं मला काय माहीत आहे, मला काय माहीत करून घ्यायचंय, आणि मला काय वाटतं पण खात्री नाही.

माझ्या लेकीनं लिहिलं, "माहीत आहे: उल्का पडून झालं. माहीत करायचंय: किती मोठं आहे, किती जुनं आहे, पाणी गुलाबी का झालं होतं. वाटतं: त्या पाण्यात मासे असतील." भाच्यानं लिहिलं, "उल्का पडली हे कोणी बघितलं?" मला तर हा प्रश्न सगळ्यात आवडला. हे प्रश्न त्यांचे स्वतःचे हवेत, तुम्ही सांगितलेले नकोत. तुम्हाला वाटतं ते महत्त्वाचे प्रश्न नंतर आपोआप येतात. स्वतःच्या प्रश्नासाठी पोरगं अर्धा तास शोधतं, दुसऱ्याच्या प्रश्नासाठी पाच मिनिटंसुद्धा नाही.

हे करायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पोरं "आई फोन दे ना" म्हणून मागे लागतात, तरी द्यायचा नाही. एकदा स्क्रीन समोर आली की प्रश्न विसरला जातो आणि जे समोर येईल तेच उत्तर वाटायला लागतं.

शब्द निवडणं

पोरं सर्चमध्ये अख्खं वाक्य टाकतात, "लोणार सरोवराबद्दल संपूर्ण माहिती मराठी निबंध प्रोजेक्ट". मग येतात पण तसलीच पानं, एकमेकांवरून उतरवलेली. त्याऐवजी त्यांना विचारायचं, तुला ज्या पानावर उत्तर सापडेल त्या पानावर कोणते शब्द लिहिलेले असतील? हे एक वाक्य पोरांच्या डोक्यात बसलं ना की अर्धं काम झालं. कारण सर्च इंजिन काही माणसासारखं प्रश्न ऐकून विचार करून उत्तर शोधायला जात नाही, त्यानं आधीच गोळा करून ठेवलेल्या पानांमधून तुमच्या शब्दांशी जुळणारी पानं काढून पुढे मांडतं. आता ते अर्थही बऱ्यापैकी ओळखतं, पण नेमका शब्द दिला तर नेमकं पान येतं हे अजूनही खरं आहे.

आम्ही लोणारसाठी शब्दांची यादी केली: सरोवर, विवर (म्हणजे मोठा खड्डा), उल्का, अशनी (म्हणजे अवकाशातून जमिनीवर पडलेला दगड), खारं पाणी, बेसॉल्ट (तिथला काळा खडक). यातले अशनी आणि विवर हे शब्द लेकीला माहीत नव्हते, ते पहिल्या एक-दोन पानांवर दिसले आणि तिनं वहीत उतरवले. मग "लोणार उल्का" ऐवजी "लोणार अशनी विवर" टाकलं तर पानं एकदम बदलली, जास्त अभ्यासाची आली. तिला हे जादूसारखं वाटलं. म्हणजे पहिला सर्च उत्तरासाठी नसतो, पुढच्या सर्चचे शब्द मिळवण्यासाठी असतो. हे पोरांना मुद्दाम सांगा, नाहीतर पहिल्या वेळी नाही मिळालं की "नेटवर नाहीये" म्हणून मोकळी होतात.

मराठीत शोधताना काही गोष्टी आपल्यालाच माहीत असतात, त्या शिकवायला हव्यात. एक म्हणजे शुद्धलेखन. लोणार ज्या जिल्ह्यात आहे त्याचं नाव कुठे बुलडाणा लिहिलेलं असतं कुठे बुलढाणा, दोन्ही टाकून बघायचं. दुसरं म्हणजे नावं बदललीत. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर, पण जुनी माहिती जुन्याच नावाखाली पडलेली आहे, म्हणून इतिहास-भूगोलाचं काही शोधताना दोन्ही नावांनी शोधा. तिसरं, मराठीत नाही मिळालं तर इंग्रजीत शोधायला घाबरायचं नाही. पाठ्यपुस्तकात शेवटी किंवा धड्यात पारिभाषिक शब्द असतात त्यांचा इंग्रजी शब्द बघायचा आणि तो टाकायचा, आलेलं पान ब्राउझरमध्येच मराठीत भाषांतर करून वाचता येतं. भाषांतर ओबडधोबड असतं, आकडे आणि नावं मात्र मूळ पानावर जाऊन बघायची.

टायपिंग येत नसेल तर माइकचं बटण दाबून मराठीत बोलायचं, लहान मुलांसाठी हे फार सोयीचं. फक्त बोलल्यावर काय टाइप झालं ते वाचायची सवय लावा, आमच्याकडे एकदा "विवर"चं "विहीर" झालं आणि दहा मिनिटं पोरं विहिरींची माहिती वाचत बसली होती.

दोन-तीन युक्त्या मोठ्या पोरांना दाखवा, सहावीच्या पुढे सहज जमतात. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरण चिन्हांत टाकायचा. नको असलेला शब्द असेल तर त्याच्या आधी वजाचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता, म्हणजे लोणार शोधताना हॉटेलंच यायला लागली तर "लोणार -हॉटेल". आणि फक्त सरकारी साइटवर शोधायचं असेल तर शब्दांनंतर इंग्रजीत साइट, मग कोलन, मग लगेच जीओव्ही डॉट इन, म्हणजे "लोणार site:gov.in". भाच्याला ही शेवटची युक्ती इतकी आवडली की तो आता सगळ्याच गोष्टी सरकारी साइटवर शोधतो, त्याला सांगावं लागतं की अरे क्रिकेटचा स्कोर तिथे नसतो.

रिझल्ट आले, लगेच क्लिक नको

आमच्याकडे नियम आहे, रिझल्ट आले की हात मागे. आधी वरपासून खालपर्यंत सगळी यादी वाचायची आणि मग ठरवायचं कुठे जायचं.

वर "स्पॉन्सर्ड" किंवा "प्रायोजित" लिहिलेलं असेल तर ती जाहिरात आहे, पैसे देऊन वर आणलेली. लोणार टाकल्यावर टूर पॅकेज येतात ती हीच. प्रत्येक रिझल्टबरोबर साइटचं नाव, पत्ता दिसतो, तो वाचायला शिकवायचा. शेवटी जीओव्ही डॉट इन असेल तर ती सरकारी साइट, असा पत्ता कुणालाही विकत मिळत नाही. एसी डॉट इन म्हणजे कॉलेज, विद्यापीठ, संशोधन संस्था. डॉट कॉम, डॉट इन आणि डॉट ऑर्ग मात्र कुणीही घेऊ शकतं. बऱ्याच जणांना वाटतं डॉट ऑर्ग म्हणजे काहीतरी संस्था आहे म्हणजे खरंच असणार, तसं नाहीये. आणि याचा अर्थ डॉट कॉम म्हणजे खोटं असाही नाही, फक्त पत्त्यावरून एवढंच कळतं की दारावर पाटी कुणाची आहे.

आता वरच एआयनं लिहिलेलं उत्तर पण येतं. पोरांना वाटतं झालं, मिळालं. मी बंदी घातलेली नाही, कारण ते समोर येतच राहणार आहे. पण आमच्याकडे ते उत्तर वहीत उतरवायला परवानगी नाही, त्या उत्तरासोबत ज्या लिंका दिलेल्या असतात त्या उघडून तिथे खरंच तसं लिहिलंय का हे बघायचं आणि मगच लिहायचं. चॅटबॉटला विचारलं तरी हेच. तो चुकीचं सांगतो तेव्हासुद्धा अगदी ठाम सांगतो, त्यात चाचरणं नसतं, आणि पोरांना अजून ठामपणा आणि खरेपणा यातला फरक कळत नाही, तो शिकवावाच लागतो.

सुरुवात कुठून करायची

अगदी नवीन असाल तर पोरांना मोकळ्या नेटवर सोडण्याआधी दोन-तीन ठिकाणं ओळखीची करून द्या.

मराठी विश्वकोश. वाईला ज्याचं काम सुरू झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्याचे पहिले प्रमुख संपादक होते, तो वीस खंडांचा कोश आज नेटवर फुकट वाचता येतो. भाषा जरा जड आहे, सहावीच्या मुलीला एकटीला झेपत नाही, शेजारी बसून एकेक वाक्य सोपं करून सांगावं लागतं. पण माहिती ठोस असते आणि नोंदीच्या शेवटी बऱ्याचदा लिहिणाऱ्याचं नाव असतं. एक काळजी घ्यायची, छापील खंड १९७० च्या दशकापासून निघत आलेत, त्यामुळे गावाची लोकसंख्या, रस्ते, कारखाने असले आकडे त्या काळचे असतात. शेजारी कोणत्या सालची जनगणना लिहिलीय ते बघायला लावा.

विकिपीडिया. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या दिवशी सुरू झाला. "तो कुणीही बदलू शकतो म्हणून वाचू नको" असं काही जण सांगतात, मला ते पटत नाही. वाचायला द्या, पण दोन गोष्टी दाखवा. वाक्याच्या शेवटी छोटा आकडा असतो, तो दाबला की ती माहिती कुठून घेतली ते खाली दिसतं, आकडा नसेल तर त्या वाक्यावर जरा कमी भरवसा. आणि इतिहास बघायची सोय असते, तिथे कुणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं. भाच्यानं ते बघितलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, म्हणजे हे माणसंच लिहितात?" हो, सगळं नेट माणसांनीच लिहिलेलं आहे, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. तोच लेख इंग्रजी विकिपीडियावर उघडून बघा, बऱ्याचदा मोठा असतो, भाषा बदलायचं बटण पानावरच असतं.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. आपल्या इयत्तेऐवजी वेगळ्याच इयत्तेच्या पुस्तकात आपला विषय सोप्या भाषेत असू शकतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

पान उघडल्यावर

लांबलचक पान बघून पोरं घाबरतात. त्यांना पानात शब्द शोधायला शिकवा. कॉम्प्युटरवर कंट्रोल दाबून एफ, फोनवर ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत पानात शोधायचा पर्याय असतो. "व्यास" टाकला की थेट त्या ओळीवर. माझ्या ओळखीत कितीतरी मोठ्या माणसांना हे माहीत नाही, ऑफिसात काम करणाऱ्यांनासुद्धा.

मग तीन प्रश्न: कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, त्याला हे कसं कळलं. तिसरा प्रश्न पोरं सोडून देतात आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. साइट अनोळखी असेल तर तिच्यावरच बसून ती चांगली की वाईट हे ठरवत बसू नका, नवीन टॅब उघडून त्या साइटचं नाव सर्च करा आणि बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात ते बघा. एखाद्याची चौकशी करायची असेल तर आपण त्यालाच नाही विचारत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, तसंच हे.

याच्या सरावासाठी एक मस्त गोष्ट आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये कुणीतरी झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची एक साइट बनवली, फोटो, अधिवास, संवर्धनाचं आवाहन, सगळं खऱ्या साइटसारखं. असा प्राणी जगात नाही. तिकडच्या शाळांमध्ये ती साइट हेच शिकवायला वापरतात. तुम्ही पोरांना आधी काहीही न सांगता दाखवा, आमच्याकडे दोघांनीही विश्वास ठेवला होता, मग "बाहेर जाऊन शोधा" म्हटलं तर दोन मिनिटांत कळलं. त्या दिवसापासून त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही.

दोन पानं दोन गोष्टी सांगतात तेव्हा

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथेच बरेच पालक वैतागून "लिही काहीतरी एक" म्हणतात. प्लीज तसं म्हणू नका. आमच्या तीन रविवारांतला सगळ्यात चांगला वेळ याच भांडणात गेला.

पहिलं भांडण, सरोवर केवढं? लेकीला एका पानावर व्यास साधारण १.२ किलोमीटर मिळाला, भाच्याला १.८ किलोमीटर. दोघं एकमेकांना खोटं पाडायला लागले. मी म्हटलं, कशाचा व्यास ते परत वाचा. तर एकात पाण्याचा होता आणि दुसऱ्यात विवराचा, म्हणजे काठापासून काठापर्यंत पूर्ण खड्ड्याचा. दोघंही बरोबर! ताटलीत आमटी ओतली तर आमटीचा घेर वेगळा आणि ताटलीचा वेगळा, असं लेकीनंच समजावून सांगितलं. आकडा कधीच एकटा उचलायचा नाही, तो कशाचा आहे हा शब्द त्याच्यासोबत उचलायचा, हा नियम तिथून आमच्या वहीत आला.

दुसरं भांडण, किती जुनं? हे मोठं निघालं. कुठे साधारण ५२ हजार वर्षं, कुठे ५ लाख ७० हजार. इथे ताटली आणि आमटी नव्हती, दोन्ही आकडे त्याच खड्ड्याच्या वयाचेच होते. तेव्हा विचारलं, त्यांना हे कसं कळलं? शोधता शोधता कळलं की ते वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेलं आहे. आधी जी पद्धत वापरली त्यात आघातानं वितळून झालेली काच तापवतात आणि तिच्यात साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात किती बाहेर पडते ते मोजतात, त्यातून ५२ हजार आलं. नंतर दगडातला आर्गॉन वायू मोजून वय काढलं, त्यातून ५ लाख ७० हजार. नवी मोजणी दुसऱ्या पद्धतीनं झाली आणि आकडा दहा पटीपेक्षा जास्त वाढला, पण जुनी पानं तशीच नेटवर आहेत, आणि त्यांच्यावरून उतरवलेली तर अजून जास्त. झेरॉक्सवाल्याच्या पानांवर पण फक्त जुनाच आकडा होता.

लेकीनं विचारलं, "मग मी कोणता लिहू?" मी म्हटलं दोन्ही लिही, आणि कोणता आधीचा, कोणता नंतरचा, कसा काढला तेही लिही. तिनं चार्टवर तसंच लिहिलं. सहावीतल्या मुलीला हे जड होईल असं मला वाटलं होतं, झालं नाही, उलट वर्गात सांगताना तिला हाच भाग सगळ्यात नीट आला.

तिसरं, गुलाबी पाण्याचं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा काय काय फिरत होतं आठवतंय ना. इथे तारीख बघायला शिकवता येतं. पहिल्या दिवसांतल्या बातम्यांमध्ये बहुतेक "शेवाळामुळे असावं", "खारटपणा वाढल्यामुळे असावं" असे अंदाज आहेत. वन विभागानं पाण्याचे नमुने तपासायला पाठवले, आणि नंतरच्या बातम्यांत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तो रंग आला. बातमी ताजी असते तेव्हा तिच्यात "असावं" जास्त असतं. त्यामुळे एखाद्या घटनेबद्दल शोधताना पहिल्या दिवशीची बातमी वाचून थांबायचं नाही, महिन्या-दोन महिन्यांनंतरची शोधायची. कॉम्प्युटरवर सर्चच्या खाली "टूल्स"मध्ये कालावधी ठरवून शोधता येतं.

त्याच वर्षाचं अजून एक. जानेवारी २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं आणि नोव्हेंबरमध्ये लोणार दुसरं. त्या मधल्या काळात लिहिलेल्या पानावर "महाराष्ट्रात एकच रामसर स्थळ" असं असेल तर ते पान लिहिलं तेव्हा खरं होतं, आज नाही. २०२२ मध्ये ठाणे खाडी तिसरी झाली. पोरांना वाटतं माहिती एकदा खरी की कायमची खरी, ते इथे सुटतं.

आणि चौथं मला स्वतःला फार आवडलेलं. बऱ्याच पानांवर लिहिलेलं असतं की १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लोणारचा शोध लावला. भाचा म्हणाला, पण मग तिथलं दैत्यसूदनाचं देऊळ कुणी बांधलं? ते तर त्याच्या कितीतरी शतकं आधीचं आहे. मग शोधलं तर अकबराच्या काळातल्या आइन-ए-अकबरी या ग्रंथामध्ये वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार आहेच. म्हणजे इंग्रजाला १८२३ मध्ये कळलं, तिथल्या माणसांना आधीपासून माहीत होतं. "शोध लावला" हा शब्द कुणाच्या बाजूनं लिहिलाय ते बघायचं. हे मी शिकवलं नाही, पोरानं देवळाच्या फोटोवरून पकडलं. विष्णूनं लवणासुराला मारलं त्याची कथा पण लेकीला चार्टवर हवी होती, ती घातली, "गावातली कथा" असं वर लिहून वेगळ्या चौकटीत.

आणि भाच्याचा तो पहिला प्रश्न, उल्का पडली हे कोणी बघितलं? कोणीच नाही. पण तिथल्या खडकात मास्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडतो, तो प्रचंड दाबाच्या धक्क्यानंच तयार होतो, ज्वालामुखीनं होत नाही. त्याला एकदम पोलीस तपासासारखं वाटलं.

लिहून काढणं

कॉपी-पेस्टवर ओरडून काही उपयोग नाही, दुसरी वाट द्यावी लागते. आमची पद्धत अशी: वाच, फोन उलटा ठेव, मला सांग, मग लिही. सांगताना अडकलं तर परत फोन सरळ करून बघायचा, पण बघत बघत लिहायचं नाही. लिहिलेलं वाक्य वेडंवाकडं असलं तरी तिचं असतं. शिक्षकांना पण लगेच कळतं.

प्रत्येक माहितीपुढे कंसात पानाचं नाव, लिहिणारा सापडला तर त्याचं नाव, आणि आपण कोणत्या तारखेला बघितलं ते लिहायचं. "गुगल" असं लिहायचं नाही. गुगलनं फक्त रस्ता दाखवला, घर कुणाचं होतं ते लिहायचं.

फोटो घ्यायचे तर विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या, तिथले फोटो वापरायला मोकळे असतात आणि काढणाऱ्याचं नाव दिलेलं असतं, ते फोटोखाली लिहायचं. फोटो खरा आहे का शंका आली तर गुगल लेन्सनं तो फोटो आधी कुठे कुठे आलाय ते बघता येतं. गुलाबी सरोवर म्हणून दुसऱ्याच देशातल्या तलावाचा फोटो कुणी लावलाय का, हे पोरांना शोधायला द्या, खेळच वाटतो त्यांना.

यूट्यूबबद्दल थोडं. पोरं वाचण्याआधी व्हिडिओच शोधतात आणि जागा डोळ्यांसमोर यायला व्हिडिओ चांगलाच. पण त्यातून आकडा घ्यायचा असेल तर तो लिखित पानावर एकदा पडताळायचा, आणि संपल्यावर आपोआप पुढचा व्हिडिओ लागतो ते सेटिंगमध्ये बंद करून ठेवा, नाहीतर लोणारवरून सुरू झालेलं पोरगं अर्ध्या तासानं भुतांच्या किल्ल्यावर असतं.

काळजीचं

लहान मुलांसाठी सेफ सर्च (घाणेरडे रिझल्ट गाळणारी सोय) चालू करा, सर्चच्या सेटिंगमध्येच असतं. फोन बैठकीच्या खोलीत, दार लोटून नाही. कुठल्याही पानानं नाव, शाळा, फोन नंबर, ओटीपी मागितला की हात मागे आणि आईला हाक. "डाउनलोड" लिहिलेली मोठी हिरवी बटणं बऱ्याचदा जाहिरातीच असतात. पैशाची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करायचा, मुलांना मदत लागली तर १०९८.

याहून मोठी गोष्ट म्हणजे चुकून काही घाणेरडं उघडलं तर पोरानं येऊन सांगितलं पाहिजे. त्यासाठी पहिल्यांदा सांगेल तेव्हा ओरडायचं नाही. अजिबात नाही. तिथे एकदा ओरडलं की पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

वेळ, वय वगैरे

दुसरी-तिसरीतल्या मुलांना सर्च एकट्यानं देऊ नका, त्यांनी प्रश्न विचारायचा, तुम्ही टाइप करायचं आणि टाइप करताना मोठ्यानं बोलायचं, "मी हा शब्द टाकते, हं, हे तर दुकान आलं, हे नको, हे बघू." तुमचं ऐकूनच ती शिकतात. पाचवी-सहावीपासून फोन त्यांच्या हातात, तुम्ही शेजारी. आठवीनंतर ते एकटे शोधतील आणि तुम्हाला फक्त शेवटी विचारायचं, कुठे सापडलं आणि का पटलं.

एका वेळी चाळीस मिनिटं बस. घरात फोन एकच असेल तर रविवारची वेळ बांधून घ्या आणि तेवढा वेळ नोटिफिकेशन बंद. आणि नाही सापडलं तर नाही सापडलं. लेकीचा माशांचा प्रश्न असाच अडला, एकानं एक लिहिलेलं दुसऱ्यानं दुसरं, कुणी लिहिलंय त्याचा पत्ता नाही. तिनं वहीत "अजून कळलं नाही" असं लिहून ठेवलं आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लोणारला गेलो तेव्हा तिथल्या गाइडकाकांना पहिला प्रश्न तोच विचारला. ते म्हणाले पाणी इतकं खारं आहे की मासे जगत नाहीत. तिनं वही काढली, उत्तर लिहिलं, पुढे कंसात लिहिलं "गाइडकाका, लोणार, समोर सांगितलं", आणि मग मला विचारलं, "आई, त्यांना कसं कळलं असेल?"

सुरुवात करायची असेल तर या रविवारी आपल्याच गावाचा एखादा प्रश्न घ्या. गावाचं नाव कशावरून पडलं, गावातल्या जुन्या देवळाचं किंवा वेशीचं वय किती, जवळच्या धरणाचं पाणी कुठे कुठे जातं. असल्या प्रश्नांची तयार उत्तरं प्रिंट काढून मिळत नाहीत. अर्धं नेटवर सापडेल, उरलेल्यासाठी आजोबांना किंवा गावच्या वाचनालयात विचारायला जावं लागेल, तेही वहीत त्याच पद्धतीनं लिहायचं, कुणी सांगितलं, कधी सांगितलं.